लेन्स्टर एकच, करंडक दोन: यूआरसी कुठली आणि चॅम्पियन्स कप कुठला?

११ एप्रिल २०२५. रग्बीच्या सामन्यात डब्लिनच्या अवीवा स्टेडियमवर आयर्लंडच्या लेन्स्टरने स्कॉटलंडच्या ग्लासगो वॉरियर्सचा ५२–० असा धुव्वा उडवला. ७ जूनला त्याच मैदानावर त्याच दोन संघांची पुन्हा गाठ पडली आणि लेन्स्टरच जिंकलं, ३७–१९. पहिला सामना उपांत्यपूर्व फेरीचा, दुसरा उपांत्य फेरीचा. नुकतंच रग्बी बघायला लागलेल्या माणसाला यात साहजिकच प्रश्न पडतो, की एप्रिलमध्ये शून्यावर बाद झालेलं ग्लासगो जूनमध्ये परत आलं कुठून?

ते परत आलं नव्हतं, त्या दोन वेगळ्या स्पर्धा होत्या. एप्रिलमधला सामना चॅम्पियन्स कपचा होता आणि जूनमधला युनायटेड रग्बी चॅम्पियनशिपचा, म्हणजे यूआरसीचा. नावं सारखी, संघ बरेचसे तेच, हंगामही एकाच वेळी चालणारे. इंटरनेटवर गुणफलक शोधताना हमखास गोंधळ होतो.

फुटबॉल बघणारे म्हणतील, यात काय अवघड आहे? प्रीमियर लीग आणि चॅम्पियन्स लीगसारखंच असणार. निम्मं बरोबर आहे. पण फुटबॉलमध्ये गोंधळ होत नाही, कारण एक स्पर्धा देशातली असते आणि दुसरी देशादेशांमधली. इथे दोन्ही स्पर्धा सीमा ओलांडतात. यूआरसीत आयर्लंड, वेल्स, स्कॉटलंड, इटली आणि दक्षिण आफ्रिका अशा पाच देशांचे सोळा संघ आहेत. चॅम्पियन्स कपमध्ये याच देशांतले आठ संघ असतात आणि त्यांच्या जोडीला इंग्लंडचे आठ, फ्रान्सचे आठ. सगळा फरक या शेवटच्या दोन देशांत आहे. इंग्लंड आणि फ्रान्सकडे स्वतःची दणकट लीग आहे, म्हणून ते यूआरसीत नाहीत. बाकीच्यांना एकट्याच्या जिवावर लीग चालवणं परवडत नाही, म्हणून त्यांनी मिळून संसार मांडला.

तो मांडला २००१ मध्ये, तेव्हा नाव होतं सेल्टिक लीग. आयर्लंडचे चार, स्कॉटलंडचे दोन आणि वेल्सचे तब्बल नऊ, असे पंधरा संघ. पहिली अंतिम लढत डब्लिनमध्येच झाली. लेन्स्टरच्या एरिक मिलरला पहिल्या सत्रातच लाल कार्ड मिळालं आणि चौदा जणांनिशी खेळूनही लेन्स्टरने मन्स्टरला २४–२० असं हरवलं. हे लेन्स्टर, मन्स्टर म्हणजे आपल्या अर्थाने क्लब नव्हेत, ते आयर्लंडचे प्रांत आहेत, अल्स्टर आणि कॉनाख्ट हे उरलेले दोन. खेळाडूंचे करार आणि पगार यांवर तिथल्या रग्बी संघटनेची पकड. त्यामुळे कोणाला किती खेळवायचं, कधी विश्रांती द्यायची, हे राष्ट्रीय संघाकडे बघून ठरतं. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

वेल्सला मात्र या संसाराची किंमत मोजावी लागली. तिथे गावागावाचा क्लब आणि त्याचा कडवा अभिमान. एवढे व्यावसायिक संघ पोसणं जमेना, तेव्हा २००३ मध्ये त्यांचे पाच प्रादेशिक संघ केले गेले. त्यातला पाँटिप्रिड आणि ब्रिजेंड यांना एकत्र करून बनवलेला सेल्टिक वॉरियर्स वर्षभरात गुंडाळला गेला. उरले कार्डिफ, स्कार्लेट्स, ऑस्प्रीज आणि ड्रॅगन्स. पारंपरिक क्लबांच्या चाहत्यांची ती जखम अजून भरलेली नाही, आणि वेल्सचे संघ गुणतक्त्यात खाली घसरले की ती हमखास उघडी पडते.

२०१० मध्ये इटली आलं. २०१७ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे चीताज आणि सदर्न किंग्ज आले, तेही सुपर रग्बी या दक्षिण गोलार्धातल्या स्पर्धेतून वगळले गेले म्हणून. खरा बदल झाला तो कोविडनंतर. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाबरोबरची जुनी घडी विस्कटली आणि दक्षिण आफ्रिकेने आपले चार बडे संघ, बुल्स, स्टॉर्मर्स, शार्क्स आणि लायन्स, उत्तरेकडे वळवले. नकाशावर हे विचित्र दिसतं. पण केपटाऊन आणि डब्लिनच्या घड्याळांत एक-दोन तासांचाच फरक असतो. विमानप्रवास लांबचा असला तरी संध्याकाळचा सामना दोन्हीकडच्या लोकांना संध्याकाळीच टीव्हीवर बघता येतो. ऑकलंडशी खेळताना ही सोय नव्हती. २०२१-२२ पासून या सोळा संघांच्या लीगला यूआरसी हे नाव मिळालं. पहिलाच अंतिम सामना केपटाऊनला झाला, तोही दक्षिण आफ्रिकेच्याच दोन संघांत. स्टॉर्मर्सने बुल्सला १८–१३ असं हरवलं.

चॅम्पियन्स कप वयाने मोठा. रग्बी युनियन अधिकृतपणे व्यावसायिक झालं १९९५ मध्ये, आणि त्याच हंगामात हा कप सुरू झाला. तेव्हा तो हाइनिकेन कप होता. फ्रान्समध्ये दारूच्या जाहिरातींवर कडक बंधनं, त्यामुळे तिथे त्याला नुसतं ‘एच कप’ म्हणायचे. पहिल्या वर्षी इंग्लंड-स्कॉटलंडचे संघ आलेच नाहीत, आणि फ्रान्सच्या तुलूझने कार्डिफला कार्डिफमध्येच जादा वेळेत २१–१८ असं हरवून करंडक नेला. पुढे १९९८-९९ मध्ये इंग्लिश क्लबांनी पुन्हा पाठ फिरवली आणि त्या वर्षी अल्स्टर जिंकलं. रुसणं-फुगणं या स्पर्धेला नवं नाही.

सगळ्यात मोठं भांडण २०१२ ते २०१४ या काळात झालं. दोन्ही स्पर्धांचं आजचं नातं त्यातूनच ठरलं, म्हणून ते जरा नीट बघायला हवं. तेव्हा स्कॉटलंडचे दोन्ही आणि इटलीचे दोन्ही संघ आपल्या लीगमध्ये कितीही खाली असले तरी युरोपच्या कपात थेट जायचे. इंग्लंड-फ्रान्सच्या क्लबांचं म्हणणं होतं, की आम्ही या जागांसाठी वर्षभर घाम गाळतो, यांना त्या आयत्या मिळतात आणि पैशांतही यांचाच वाटा मोठा. शेवटी त्यांनी वेगळी चूल मांडायची धमकी दिली. तडजोड झाली. जुनी संस्था मोडून स्वित्झर्लंडमध्ये नवी उभी राहिली, संघ चोविसावरून वीसवर आले, पैसा तिन्ही लीगमध्ये सारखा वाटायचं ठरलं आणि २०१४ पासून चॅम्पियन्स कप हे नाव आलं. आज संघ पुन्हा चोवीस आहेत. दरम्यान इंग्लंडमध्ये वूस्टर, वॉस्प्स आणि लंडन आयरिश हे तीन क्लब कर्जात बुडाले आणि त्यांची लीग दहा संघांवर आली. म्हणजे आता दहापैकी आठ इंग्लिश संघ कपात जातात. आयत्या जागांची तक्रार आज कोणी कोणाबद्दल करायची, हा प्रश्नच आहे.

तर नातं असं: यूआरसीचा गुणतक्ता हे चॅम्पियन्स कपचं तिकीट. आता नियम सरळ आहे, पहिले आठ संघ पुढच्या हंगामात कपात. पण सुरुवातीला असं नव्हतं, आणि ऑस्प्रीजइतका याचा अनुभव दुसऱ्या कोणाला नसेल. यूआरसीत चार प्रादेशिक गट आहेत: आयर्लंड, वेल्स, दक्षिण आफ्रिका, आणि स्कॉटलंड-इटली मिळून चौथा. पहिल्या दोन हंगामांत प्रत्येक गटाच्या विजेत्याला कपात जागा राखीव होती. २०२१-२२ मध्ये ऑस्प्रीज नववं आलं, पण वेल्समध्ये पहिलं, म्हणून ते कपात गेलं आणि आठवं आलेलं ग्लासगो बाहेर राहिलं. नंतर तो नियम गेला. २०२३-२४ मध्ये ऑस्प्रीज आठवं आलं. आता जागा पक्की वाटत असतानाच शार्क्सने लंडनमध्ये ग्लॉस्टरला ३६–२२ हरवून चॅलेंज कप जिंकला. चॅलेंज कप ही युरोपची दुय्यम स्पर्धा, आणि तिच्या विजेत्याला वरच्या कपात प्रवेश मिळतो. शार्क्स यूआरसीच्या तक्त्यात पार खाली होतं. तरी तिकीट त्यांना मिळालं आणि ऑस्प्रीजचं गेलं. नववं येऊन आत, आठवं येऊन बाहेर.

खेळाच्या नियमांत दोन्हीकडे काही फरक नाही. पंधरा खेळाडू, विजयाला चार गुण, चार ट्राय (म्हणजे चेंडू समोरच्या संघाच्या गोलरेषेपलीकडे नेऊन टेकवणं) केल्या तर बोनस, सात किंवा कमी गुणांनी हरलात तरी एक बोनस. फरक आहे तो लांबीचा. यूआरसीत प्रत्येक संघ अठरा साखळी सामने खेळतो: आपल्या गटातल्या तिघांशी घरी आणि बाहेर असे सहा, उरलेल्या बारा संघांशी एकेक. पहिले आठ बाद फेरीत. अंतिम सामना तक्त्यात वर असलेल्या संघाच्या गावी होतो, त्यामुळे सप्टेंबरपासूनच्या प्रत्येक सामन्याला थोडंफार मोल राहतं.

चॅम्पियन्स कपमध्ये सहा-सहा संघांचे चार गट. आपल्या लीगमधल्या संघाशी साखळीत गाठ पडत नाही, म्हणून सामने फक्त चार, दोन डिसेंबरात, दोन जानेवारीत. त्यानंतर चोविसातले सोळा संघ पुढे जातात! माझ्या मते ही या स्पर्धेची सगळ्यात कमकुवत बाजू. एखादाच सामना जिंकूनही पुढे सरकता येत असेल, तर डिसेंबरच्या थंडीत कुडकुडत बसलेल्या प्रेक्षकाने जीव कशासाठी टांगणीला लावायचा? एप्रिलमध्ये बाद फेऱ्या सुरू झाल्या, की मात्र या कपासारखं रग्बी दुसरीकडे नाही. अंतिम सामन्याचं मैदान आधीच ठरलेलं असतं, तिथे घरचा-बाहेरचा हिशोब नशिबावर.

दोन स्पर्धांपैकी कोणाला कुठली जवळची, हे बोलण्यापेक्षा संघाच्या यादीवरून जास्त कळतं. एप्रिल २०२४ मध्ये बुल्सचा चॅम्पियन्स कपचा उपांत्यपूर्व सामना इंग्लंडमध्ये नॉर्थॅम्प्टनशी होता. प्रशिक्षक जेक व्हाइट यांनी बहुतेक मुख्य खेळाडूंना घरीच ठेवलं आणि दुसरी फळी पाठवली. निकाल ५९–२२. टीका भरपूर झाली. पण प्रिटोरियाहून इंग्लंड, मग पुन्हा लीगसाठी परत, असा प्रवास आठवड्या-आठवड्याने करणाऱ्याची बाजूही समजून घ्यावी लागते. त्या हंगामात बुल्सने यूआरसीची अंतिम फेरी गाठली आणि तो सामना घरी, प्रिटोरियातल्या लोफ्टस व्हर्सफेल्ड मैदानावर मिळवला. प्रिटोरियाची उंची जवळपास महाबळेश्वराइतकी, तिथल्या विरळ हवेत पाहुण्यांची दमछाक ठरलेली. तरी ग्लासगो तिथे २१–१६ असं जिंकलं!

लेन्स्टरची तऱ्हा उलटी. यूआरसीसाठी दक्षिण आफ्रिकेला जाताना ते अनेकदा तरुण पोरं पाठवतात आणि आंतरराष्ट्रीय खेळाडूंना कपासाठी राखतात. इतकं जपूनही काय मिळालं? कप २०१८ मध्ये चौथ्यांदा जिंकला, त्यानंतर २०१९, २०२२, २०२३ आणि २०२४ असे चार अंतिम सामने हरले. २०२३ चा तर आपल्याच डब्लिनमध्ये, १७–० आघाडीवर असताना, फ्रान्सच्या ला रोशेलकडून २७–२६. २०२५ मध्ये ग्लासगोला ५२–० धुतल्यावर पुढच्याच फेरीत नॉर्थॅम्प्टनने त्यांना ३७–३४ असं बाहेर काढलं. मग १४ जूनला डब्लिनच्याच क्रोक पार्कवर बुल्सला ३२–७ हरवून यूआरसी जिंकली. सेल्टिक लीगपासून धरलं तर ते नववं विजेतेपद. ज्या स्पर्धेत राखीव फळी खेळवली, तिनेच हंगामाची लाज राखली. आयरिश चाहत्यांना विचारलं तर बहुतेक जण तरीही कपच मागतील, हे खरं. मला स्वतःला अठरा सामने आणि दोन गोलार्ध पार करून मिळवलेली लीग जास्त अवघड वाटते.

ओळखायचं कसं? समोरासमोरच्या संघांत एक जरी इंग्लिश किंवा फ्रेंच असेल, तर ती यूआरसी नव्हे. डिसेंबर-जानेवारीत दोन्ही संघ यूआरसीतले असतील, तर चॅम्पियन्स कप नव्हे. गोंधळाला जागा उरते ती एप्रिल-मेमधल्या बाद फेऱ्यांत, लेन्स्टर-ग्लासगोसारखी. तेव्हा मैदानाकडेच्या पाट्या बघा. कपावर हाइनिकेननंतर २०२३ पासून इन्व्हेस्टेक या मूळच्या दक्षिण आफ्रिकी बँकेचं नाव आलं. यूआरसीला २०२२ मध्ये नाव जोडलं ते बीकेटीने, म्हणजे मुंबईच्या बाळकृष्ण इंडस्ट्रीजने, वाळूजला कारखाना असलेल्या, ट्रॅक्टर-जेसीबीचे टायर बनवणाऱ्या कंपनीने. दक्षिण आफ्रिकेत मात्र तिथे व्होडाकॉम या मोबाइल कंपनीचं नाव दिसतं. आणि सामना जूनमध्ये असेल तर पाटीही बघायला नको. कपाचा अंतिम सामना मे महिन्यातच उरकलेला असतो.