अल्बमची फाइल आमच्याकडे देण्याआधी
(अल्बमचं एडिटिंग आणि छपाई करणाऱ्या आमच्या लॅबकडून फोटोग्राफर ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

“दादा, तेवढं एडिटिंगमध्ये बघून घ्या.” लग्नसराईत हे वाक्य आम्ही दिवसातून दहादा ऐकतो, आणि बरंचसं बघूनही घेतो. स्टॉपभर अंडर गेलेली, म्हणजे हवा त्याच्या निम्म्याच प्रकाशात काढलेली रॉ फाइल (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) सहज वर येते, मागचा पंखा किंवा पाण्याचे जार पुसता येतात. पण जे फाइलमध्ये आलंच नाही, ते आम्ही आणणार कुठून?

सगळ्यात मोठी डोकेदुखी म्हणजे रिसेप्शनच्या स्टेजवरचे निळे-जांभळे एलईडी. निळ्या प्रकाशात लाल रंग जवळजवळ नसतोच, तर तो चेहऱ्यावरून कॅमेऱ्यात येणार कसा? फाइलमध्ये लाल, हिरवा, निळा अशी रंगांची तीन चॅनेल असतात; त्यातलं निळं फुटतं, म्हणजे काठोकाठ भरून बारकावे जातात, आणि लाल रिकामं राहतं. मग व्हाइट बॅलन्सची (प्रकाशाच्या रंगाप्रमाणे फोटोचा रंग जुळवण्याची) पट्टी कितीही ओढा, हाती येतो तो राखाडी चेहरा आणि नॉइज, म्हणजे रवाळ ठिपके. अशा फोटोंना आमच्याकडे एकच औषध आहे, ब्लॅक अँड व्हाइट, आणि ते नवरीच्या आईला पटेलच असं नाही. त्यापेक्षा कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी लाइटवाल्याला गाठा. समोरचे दिवे वॉर्म व्हाइटवर ठेवायला सांगा, मागे काय हवे ते रंग राहू देत. तो ऐकत नसेल तर चेहऱ्यावर तुमचा स्वतःचा फ्लॅश पाहिजेच.

प्रकाशाचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका तो नारिंगी. फ्लॅशचा प्रकाश साधारण ५५०० केल्व्हिनचा, हॅलोजनचा ३२०० च्या आसपास. दोन्ही मिसळले की नवरा-नवरी बरोबर दिसतात आणि मागची मंडळी नारिंगी. फ्लॅशवर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक कागद) लावली की दोन्ही प्रकाश एका रंगावर येतात, मग आम्ही शंभर फोटोंचा रंग एका झटक्यात बसवतो.

हळदीचं गणित वेगळं. पिवळ्या कापडाच्या मांडवात ऑटो व्हाइट बॅलन्स गोंधळतो. एका फोटोत हळद केशरी, पुढच्यात फिकट, तिसऱ्यात चेहराच निळसर. पाट मांडवाच्या कडेला, मोकळ्या आकाशाच्या उजेडात मांडायला सांगा. व्हाइट बॅलन्स एका आकड्यावर बांधून टाका आणि पहिल्या फोटोत ग्रे कार्ड धरा, म्हणजे ते राखाडी कार्ड पाहून आम्हाला बाकीच्या फोटोंचा रंग जुळवता येतो. करवलीच्या हातात कार्ड दिलंत तर ती हौसेने धरते, हा आमचा अनुभव.

पैठणीच्या जरीवर समोरून फ्लॅश मारू नका. ती पांढरीफटक होते आणि नक्षी जाते. प्रकाश बाजूने आला की काठावरचा मोर उठून दिसतो.

ग्रुप फोटोत मागच्या रांगेतले काका अंधारात का जातात? दिवा पुढच्या रांगेपासून २ मीटर आणि मागच्या रांगेपासून ४ मीटर असेल, तर मागे पोचतो फक्त पाव प्रकाश, म्हणजे दोन स्टॉप कमी. तोच दिवा २ मीटर मागे न्या. आता अंतरं ४ आणि ६, आणि फरक स्टॉपभरापेक्षा थोडासाच जास्त. दिव्याची पॉवर तेवढी वाढवावी लागेल, पण आमचे अर्धे मास्क (फोटोचा ठरावीक भागच उजळण्यासाठी आखावे लागणारे) वाचतील.

फोटोत आडवे पट्टे येत असतील तर कॅमेरा बिघडलेला नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. शटर १/१०० किंवा १/५० वर ठेवून पाहा.

आता नाजूक विषय. “नवरीला जरा गोरी करा” हा निरोप तुमच्यामार्फत आमच्यापर्यंत येतो. डाग, मुरूम, डोळ्यांखालचं काळं आम्ही हलकं करतो. रंग बदलत नाही. एकदा आग्रहाखातर केला होता. चेहरा एकीचा आणि मेंदीचे हात दुसरीचे असा तो अल्बम परत आला आणि सगळी शीट्स आमच्या खर्चाने पुन्हा छापावी लागली.

“प्रिंट काळी आली” ही तक्रार बहुतेकदा स्क्रीनपाशी संपते. मॉनिटर पूर्ण ब्राइटनेसवर ठेवून फोटो बसवला की तो कागदावर गडद येणारच. ब्राइटनेस उतरवा, आणि पहिल्यांदा काम देताना एक छोटी टेस्ट प्रिंट घेऊन जा.

१२ बाय ३६ इंचाचं शीट ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ३६०० बाय १०८०० पिक्सेलचं होतं. जेपेग एसआरजीबी या रंगप्रोफाइलमध्ये द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेली फाइल आम्ही छापायला घेत नाही. पेनड्राइव्ह आणा किंवा ड्राइव्हची लिंक पाठवा, आणि ग्रे कार्डचा फोटो त्याच फोल्डरमध्ये राहू द्या. निवड करताना बरेच जण नेमका तोच उडवतात.