गारगोट्या जमवण्याचा छंद

महाराष्ट्रातल्या काळ्या दगडाच्या पोटात सापडणारे स्फटिक शोधायचे, ओळखायचे, जपायचे आणि एकमेकांत वाटायचे असा हा छंद. पुणे, नाशिक, जळगाव, संभाजीनगर या पट्ट्याला यात तोड नाही. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हाचे थरावर थर साचले, थंड होताना आत वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि नंतर खनिजं विरघळलेलं पाणी झिरपून त्यात स्फटिक वाढले. विहीर खोदताना किंवा खाणीत सुरुंग उडाल्यावर स्फटिकांची ही पोकळी उघडी पडते, नाहीतर मग सगळं क्रशरमध्ये जाऊन त्याची खडी होते.

हौशी मंडळी सुट्टीच्या दिवशी मालकाला विचारून खाणीत जातात, हेल्मेट, गॉगल, छिन्नी-हातोडा आणि गुंडाळायला भरपूर रद्दी पेपर सोबत. घरी आल्यावर खरं काम सुरू होतं. पाणी आणि मऊ ब्रशने धुवायचं, पण ओकेनाइट असेल तर ब्रश सोडाच, बोटसुद्धा लावायचं नाही, कारण पांढऱ्या कापसाच्या गोळ्यासारखे दिसणारे त्याचे बारीक तंतू एकदा दबले की परत उभे राहत नाहीत. टुरिस्ट लोकांना गुलाबी-निळे ओकेनाइट विकतात ना, ते रंगवलेले असतात.

ओळखायची बैठक म्हणजे यातला सगळ्यात मजेचा भाग, सगळे भिंग घेऊन एकाच दगडावर वाकलेले असतात. स्टिल्बाइट मधोमध आवळलेल्या पेंढीसारखा दिसतो. अपोफिलाइट हे खनिज आणि गारेचा (क्वार्ट्झचा) स्फटिक यात नवीन माणूस हमखास फसतो, तेव्हा टोकाचा सपाट भाग उजेडात तिरका धरायचा, मोत्यासारखी चमक आली की अपोफिलाइट. शिवाय चाकूने त्याच्यावर ओरखडा उठतो, गारेवर उठत नाही (खनिजांचा कडकपणा मोजणाऱ्या मोह्स मापावर गार 7, अपोफिलाइट 5 च्या आत). कॅल्साइटवर व्हिनेगरचा थेंब टाकला की बुडबुडे येतात. अॅगेट (अकीक) किंवा शेवाळासारखी नक्षी असलेला मॉस अॅगेट मिळाला तर काही जण तो कापून पॉलिश करून अंगठीत बसवतात, तो वेगळाच नाद.

पुण्याजवळच्या वाघोलीचा कॅव्हन्साइट मात्र बघायलाच हवा, पांढऱ्या स्टिल्बाइटवर गडद निळे छोटे गोळे. हे खनिज आधी अमेरिकेत ओरेगनला सापडलं, नावात कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकॉन तिन्ही आहेत, पण जगभरच्या संग्रहांत देखणे नमुने दिसतात ते बहुतेक वाघोलीचेच. एकाच जागी असे भरपूर नमुने बघायचे तर सिन्नरचं गारगोटी म्युझियम आहे.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे चिठ्ठी. दगड कुठल्या गावच्या कुठल्या खाणीतला, कधी मिळाला, हे त्याच दिवशी लिहून दगडासोबत ठेवायचं. खाणी बुजतात, वर बिल्डिंगा उभ्या राहतात, मग तिथं आत काय होतं हे सांगणारी तेवढी चिठ्ठीच उरते. म्हणून अदलाबदल करताना जुनी चिठ्ठी फेकायची नाही, आपली नवीन तिच्या मागे जोडायची.