पार्श्वभूमी : डेव्हिड ग्रॉसमन आणि ‘बेसोरा’ या शब्दाचा गुंता

इस्रायली कादंबरीकार डेव्हिड ग्रॉसमन यांची २००८ साली आलेली हिब्रू कादंबरी म्हणजे ‘इशा बोराखत मिब्सोरा’. इशा म्हणजे बाई, बोराखत म्हणजे पळणारी, ‘मि’ म्हणजे पासून. उरतो तो ‘बेसोरा’, आणि सगळा घोळ तिथेच आहे. मराठी वाचकाच्या हाती हे पुस्तक बहुधा २०१०च्या इंग्रजी अनुवादातून येतं. त्याचं नाव ‘टू द एंड ऑफ द लँड’. त्या नावात बाई नाही, तिचं पळणं नाही आणि बेसोराही नाही. राहिली फक्त जमीन.

बेसोराला ‘बातमी’ म्हटलं तर अर्थ चुकत नाही, पण वजन जातं. वर्तमानपत्रातल्या बातमीला हिब्रूत वेगळा शब्द आहे. बेसोरा कुणीतरी चालत, धावत घेऊन येतं आणि ती नेमक्या एका माणसासाठी असते. त्या अर्थाने आपला ‘सांगावा’ तिच्या जास्त जवळचा. बायबलमध्ये या शब्दाचा सर्वांत गजबजलेला प्रसंग २ शमुवेलच्या १८व्या अध्यायात आहे. लढाई संपली आहे, दावीद राजा वेशीत बसून मुलाची, अबशालोमाची खबर येण्याची वाट पाहतो आहे. अहीमास धावत जायला उतावीळ आहे. सेनापती यवाब त्याला अडवतो: आज तू बेसोरा नेणारा माणूस नव्हेस, कारण राजाचा मुलगा मेला आहे. अहीमास तरीही धावतो, कूशी निरोप्याला मागे टाकून आधी पोहोचतो आणि ऐन वेळी खरं सांगायचं टाळतो. ते कूशीला सांगावं लागतं. याच प्रसंगात दावीद ‘चांगली बेसोरा’ असं म्हणतो. चांगली हे विशेषण वेगळं लावावं लागतं, म्हणजे शब्दाचा कल शुभाकडे असला तरी हमी नाही. १ शमुवेलमध्ये म्हाताऱ्या याजक एलीला दोन्ही मुलं पडल्याचं सांगणाऱ्यालाही याच धातूवरून ‘मेवासेर’ म्हटलं आहे.

पुढे ख्रिस्ती परंपरेने हा शब्द उचलला. मराठी बायबल ज्याला शुभवर्तमान म्हणतं, ती हिब्रूत बेसोराच. नासरेथचं प्रसिद्ध चर्च, जिथे मरीयेला मुलगा होणार असल्याचं देवदूताने कळवलं असं मानतात, त्याच्या हिब्रू नावात हाच शब्द आहे. अरबीत तो ‘बिशारा’ होतो. उर्दूतली ‘बशारत’ त्याच घरातली. उलट आजच्या बोलीतली ‘ईयोबाची बेसोरा’ म्हणजे वाईटातली वाईट खबर. मुलगा होणार आणि मुलगा गेला, आईच्या कानावर येणाऱ्या या दोन्ही निरोपांना हिब्रूत एकच शब्द पुरतो. कादंबरी उभी आहे ती त्यावर.

‘बोराखत’ही साधा नाही. उत्पत्तीच्या १६व्या अध्यायात रानात गाठ पडलेल्या देवदूताला दासी हागार म्हणते, मी माझी धनीण साराय हिच्यापासून पळते आहे. मूळ हिब्रूत क्रियापदाचं रूप हेच. लगेच तिला मुलगा होणार असल्याचा निरोप मिळतो. शाळेत बायबल शिकलेल्या हिब्रू वाचकाला हे सगळं मुखपृष्ठावरच ऐकू येतं.

आता कथानकातली यंत्रणा. कादंबरीची नायिका ओरा. तिचा धाकटा मुलगा ओफेर लष्करी सेवा संपवून आईबरोबर गॅलिलीत पायी फिरायला जाणार असतो. ऐन वेळी तो २८ दिवसांच्या मोहिमेसाठी आपणहून परत जातो. सैनिक पडला की इस्रायली सैन्य फोन करत नाही. गणवेशातली माणसं दारात येतात आणि कुटुंबाला कळवल्याशिवाय नाव प्रसिद्ध होत नाही. रेडिओवरचं ‘प्रसिद्धीस परवानगी मिळाली आहे’ हे वाक्य तिथे सगळ्यांना पाठ आहे आणि त्यापुढे काय येणार हेही ठाऊक आहे. ओरा या पद्धतीतली फट शोधते. निरोप पुरा व्हायला देणारा आणि घेणारा दोघं लागतात. घेणारी घरीच नसेल तर तो अर्ध्यावर अडकेल. म्हणून ती घर सोडते, अव्रामला जवळजवळ ओढत बरोबर नेते आणि चालता चालता ओफेरचं आयुष्य त्याला सांगत राहते. अव्राम हा ओफेरचा खरा बाप, १९७३च्या युद्धात इजिप्तच्या कैदेत मोडून निघालेला. त्याने मुलाला कधी पाहिलेलंही नाही.

शीर्षकाबाबतचा इंग्रजी निर्णय चुकला, असं हिब्रू जाणणारे अनेक जण मानतात आणि ते बरोबर आहे. अडचण खरी होती. इंग्रजीत रोजचा शब्द घ्यावा तर तो वर्तमानपत्री, जुना घ्यावा तर नाताळच्या गाण्यांतला. पण इतरांनी वाट काढली. जर्मन आणि डच नावांत बाई आणि निरोप दोन्ही टिकले. फ्रेंच नावातल्या ‘आनोंस’ शब्दामागे मरीयेला मिळालेला निरोपही ऐकू येतो. २०११ साली तिथे परभाषेतल्या कादंबरीचा एक मानाचा पुरस्कार मिळाला तो याच नावाला. इटालियन अनुवाद बायबलमधल्या गीतरत्नातल्या पाडसाकडे वळला. तेही लांबचं नाही, कारण ओफेर म्हणजे हरणाचं पाडस. इंग्रजी नावाने मात्र आईची गोष्ट भूगोलाची करून टाकली.

लेखनाचा क्रम नीट लक्षात ठेवायला हवा, कारण त्यावरून गैरसमज पसरले आहेत. कादंबरी मे २००३ मध्ये सुरू झाली. ग्रॉसमन यांच्या थोरल्या मुलाची लष्करी सेवा संपायला सहा महिने होते आणि धाकटा तितक्याच अवधीत भरती होणार होता. १० ऑगस्ट २००६ रोजी ग्रॉसमन यांनी दोन ज्येष्ठ कादंबरीकारांसह लेबनॉनमधलं युद्ध थांबवण्याची जाहीर मागणी केली. १२ तारखेला दक्षिण लेबनॉनमध्ये रणगाड्यावर क्षेपणास्त्र पडून धाकटा मुलगा गेला. वय वीस. शस्त्रसंधी १४ तारखेला झाली. शनिवार-रविवारच्या मधल्या रात्री दोन चाळीसला दारावरची घंटा वाजली, असं वडिलांनी अंत्यविधीच्या भाषणात सांगितलं. शोकाचे सात दिवस पाळून ते पुन्हा हस्तलिखिताकडे वळले. बहुतेक मजकूर तोवर लिहून झाला होता. बदललं ते शेवटचा खर्डा ज्या वास्तवात झाला त्या वास्तवाचे पडसाद, असं पुस्तकाच्या शेवटच्या टिपेत आहे. म्हणून ही कादंबरी मुलाच्या मृत्यूवर लिहिली असं म्हणणं चूक, आणि तिला भविष्यवाणी ठरवणं तर त्याहून अन्यायाचं.

अडवलेला निरोप हा विषय या लेखकाला २००६ने दिला नाही. १९५४ साली जेरुसलेममध्ये जन्म, वडील पोलंडहून आलेले, बसचालक आणि पुढे ग्रंथपाल. लहानपणापासून रेडिओवर काम. १९८८ साली पॅलेस्टिनी नेतृत्वाने स्वतंत्र राज्य जाहीर केलं आणि इस्रायलचं अस्तित्व मान्य केलं. ती बातमी दाबायला नकार दिल्याने सकाळच्या वृत्त-कार्यक्रमातून त्यांना काढण्यात आलं. त्याआधी, १९८६च्या ‘आयेन एरेख: आहावा’ (पाहा: प्रेम) मध्ये नऊ वर्षांच्या मोमिकला ‘तिथे’, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारात, काय झालं हे घरात कुणी सांगत नाही. मग तो तळघरात ‘नाझी पशू’ पाळायला घेतो. शेवटचा भाग कोशातल्या नोंदींसारखा, हिब्रू वर्णक्रमाने लावलेला.

२०११च्या ‘नोफेल मिखुत्स लाझमान’ (काळाबाहेर पडताना) मध्ये मुलाच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी एक बाप जेवणावरून उठून ‘तिकडे’ निघतो. २०१४च्या ‘सूस एखाद निख्नास लेबार’ (एक घोडा बारमध्ये शिरतो) ला २०१७ मध्ये ब्रिटनचा आंतरराष्ट्रीय बुकर मिळाला आणि ५०,००० पौंड लेखक व अनुवादिका यांच्यात निम्मे-निम्मे वाटले गेले. त्यातल्या चौदा वर्षांच्या दोवालेला लष्करी शिबिरातून अंत्यविधीसाठी घरी पाठवतात, पण आई गेली की वडील हे कुणी सांगत नाही. चालक वाटभर विनोद सांगतो आणि मुलगा मनात एकाला वाचवण्याचा हिशेब मांडत बसतो. ओरा निरोपापासून पळते, इथे निरोप अर्धाच हातात ठेवला आहे.