फुकटातलं व्हिडिओ एडिटिंग : आधी तुमचं मशीन बघू, मग सॉफ्टवेअर

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, उरकली की आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात एका प्रकारचं गिऱ्हाईक हमखास वाढतं. लग्नसराईतलं शूटिंग मोबाईलमध्ये पडून असतं, पाहुणे रोज फोन करून "व्हिडिओ कधी पाठवता" म्हणून विचारत असतात, आणि लॅपटॉप काउंटरवर ठेवत म्हणणं एकच असतं, "भाऊ, ते फुकटनं एडिटिंग टाकी द्या ना." टाकून द्यायला आम्हाला दहा मिनिटं लागतात. पण त्यातले बरेच जण आठवडाभरात परत येतात. कुणाचं मशीन अडकतं, कुणाचा आवाज ओठांच्या मागे राहतो, कुणाच्या व्हिडिओवर भलत्याच कंपनीचं नाव उमटतं. दर वेळी तेच समजावण्यापेक्षा एकदा छापून ठेवलेलं बरं, म्हणून हे पत्रक.

फुकट, पण कुठल्या अर्थाने

बाजारात फुकट म्हणून मिळणारी सॉफ्टवेअर एका जातीची नाहीत. काही खरोखरच मोफत आहेत. शॉटकट, केडेनलाइव्ह, ओपनशॉट ही मुक्तस्रोत मंडळी त्यातली. ती कुणा एका कंपनीच्या गल्ल्यावर चालत नाहीत, जगभरातले प्रोग्रामर ती लिहितात, आणि पैसे भरल्याशिवाय त्यांत काहीच अडत नाही. दुसरी जात म्हणजे मोठ्या कंपनीने मोफत दिलेली धाकटी आवृत्ती. डा विंची रिझॉल्व्ह हे तसलं. त्याची पैशांची आवृत्ती वेगळी आहे, पण मोफत आवृत्तीतही ४के अल्ट्रा एचडीपर्यंतचा व्हिडिओ शिक्क्याशिवाय, म्हणजे चित्रावर कंपनीचं नाव न उमटता, निघतो, आणि घरगुती कामाला तेवढं पुरून उरतं.

तिसऱ्या जातीपासून सांभाळा. उतरवून घ्यायला फुकट, वापरायला फुकट, आणि एक्स्पोर्टचं, म्हणजे तयार व्हिडिओ बाहेर काढायचं, बटण दाबलं की पैसे. गेल्या श्रावणात एक ताई आल्या होत्या. कानबाईच्या, म्हणजे नारळाच्या रूपात पुजल्या जाणाऱ्या आमच्या खानदेशी देवीच्या, मिरवणुकीचा दहा मिनिटांचा व्हिडिओ त्यांनी तीन रात्री जागून जोडला होता. गाणी, नावं, सगळं नीट बसवलेलं. एक्स्पोर्ट झाल्यावर पाहिलं तर चित्राच्या मधोमध आडवा शिक्का, आणि तोही नेमका नथ घातलेल्या नारळावर. ते सॉफ्टवेअर काम करताना शिक्का दाखवतच नव्हतं, शेवटी दाखवायचं. त्याची प्रोजेक्ट फाइल दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये उघडेना. सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

तेव्हापासून आम्ही प्रत्येकाला सांगतो, नवं सॉफ्टवेअर टाकलं की पहिल्याच दिवशी कुठलेही दोन तुकडे जोडा, वर एक नाव टाका आणि एक मिनिटाचा व्हिडिओ एक्स्पोर्ट करून मोबाईलवर चालवून बघा. शिक्का, आवाज, अक्षरं, किती वेळ लागतो, सगळं त्या एका मिनिटात कळतं. मग तीन रात्री घालायच्या का ते ठरवा.

चौथी जात म्हणजे क्रॅक. पैशांचं सॉफ्टवेअर कुलूप तोडून. ते आम्ही टाकून देत नाही, कृपया आग्रह करू नका. त्या क्रॅकच्या फाइलबरोबर आलेल्या व्हायरसने एका गिऱ्हाइकाच्या हार्डडिस्कवरचे मुलाच्या बारशापासूनचे सगळे फोटो कुलूपबंद केले होते. ते आम्हाला परत काढता आले नाहीत.

अजूनही कुणीतरी मूव्ही मेकर मागतं. चांगलं होतं ते, आम्हीही त्यावरच शिकलो. पण मायक्रोसॉफ्टने ते जानेवारी २०१७ मध्ये बंद केलं. आज त्या नावाने इंटरनेटवर जे सापडतं, त्याच्या नादी लागू नका.

मशीन काय झेपवतं

"सगळ्यात भारी कुठलं?" हा प्रश्न इथे कामाचा नाही. केळीच्या ट्रकचा माल मोटरसायकलवर लादला तर दोष मोटरसायकलचा नसतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या परफॉर्मन्समध्ये तीन गोष्टी बघा : मेमरी किती जीबी, डिस्क एसएसडी म्हणजे नवी वेगवान आहे की जुनी फिरती, आणि जीपीयू म्हणजे ग्राफिक्स कार्ड वेगळं आहे का.

मेमरी ४ जीबी आणि डिस्क जुनी असेल, तर कॉम्प्युटरवर एडिटिंगचा हट्ट धरू नका. मोबाईलवर करा, खाली लिहिलं आहे. ८ जीबी असेल तर शॉटकट. शॉटकटवालेच सांगतात की साध्या एसडी व्हिडिओला ४, एचडीला ८ आणि ४केला १६ जीबी मेमरी लागते. आमचा अनुभवही त्याच्या जवळपास आहे. १६ जीबी आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल, तर आणि तरच डा विंची रिझॉल्व्हकडे वळा. ते मुळात सिनेमाच्या रंगकामासाठी जन्मलेलं सॉफ्टवेअर आहे, रंग सुधारण्यात त्याचा हात धरणारं फुकटात दुसरं नाही. पण खालच्या पट्टीतली पानंच बघितली की नवा माणूस बावचळतो. साखरपुड्याच्या व्हिडिओला एवढा पसारा नको. यूट्यूब चॅनेल काढून नियमित काम करणार असाल, तर मात्र सुरुवातीपासून तेच शिका, पुढे बदलावं लागत नाही.

शाळेतल्या लॅबमध्ये लिनक्स असेल तर केडेनलाइव्ह. लहान मुलांना पहिल्यांदा शिकवायचं असेल तर ओपनशॉट, दिसायला सगळ्यात साधं. विंडोज ११ असेल तर क्लिपचँप आधीच तुमच्या मशीनवर असतं. त्यातून १०८० पिक्सेलपर्यंतचा व्हिडिओ मोफत आणि शिक्क्याविना निघतो. फक्त त्याला मायक्रोसॉफ्टचं खातं आणि इंटरनेट लागतं, आणि त्यातली हिऱ्याची खूण असलेली गाणी-चित्रं वापरलीत की पैसे मागतं. मॅक असेल तर आयमूव्ही, बाकी शोधूच नका.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. मेमरी आणि एसएसडी आम्ही विकतो, त्यामुळे "८ जीबी करून घ्या" असं आम्ही म्हटलं की गिऱ्हाइकाला शंका येते. येऊ द्या. आधी शॉटकट टाकून आठवडाभर वापरा, भागत असेल तर एक रुपयाही घालू नका.

सॉफ्टवेअर उतरवताना ते त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्या. गुगलवर नाव टाकलं की सगळ्यात वर जे येतं त्यावर बारीक अक्षरात "प्रायोजित" लिहिलेलं असेल, तर ती जाहिरात आहे. ती सोडून खाली या.

शॉटकटचा पहिला तास

आमच्याकडून सगळ्यात जास्त हेच जातं, म्हणून थोडं सविस्तर. पहिल्यांदा उघडलं की पडदा जवळजवळ रिकामा दिसतो आणि माणूस घाबरतो. वर "टाइमलाइन" असं बटण आहे, ते दाबा, खाली पट्टी उघडेल. मोबाईलमधून कॉम्प्युटरवर घेतलेला व्हिडिओ उचलून त्या पट्टीवर आणून सोडा. स्पेसबार दाबला की चालतो, पुन्हा दाबला की थांबतो. जिथे कापायचं तिथे थांबवा आणि कीबोर्डवर एस दाबा, तुकडा दोन झाला. नको असलेला तुकडा निवडून एक्स दाबा. तो जातो आणि मागचा सरकून पुढच्याला चिकटतो. झेड दाबलंत तर तुकडा जातो पण जागा रिकामी राहते, आणि तिथे व्हिडिओत काळा पडदा दिसतो. "मधेच काळं होतं" ही तक्रार बहुतेक वेळा या झेडची असते.

एवढं आलं की ऐंशी टक्के घरगुती एडिटिंग आलं. ट्रान्झिशनचे, म्हणजे एका तुकड्यातून दुसऱ्यात जाण्याचे, फिरणारे, फुटणारे प्रकार पहिल्या महिन्यात विसरा. मामा जेवतोय आणि त्याच्यातून तुकडे उडून मामी दिसतेय, हे बघवत नाही.

चित्र अडकत अडकत चालत असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन प्रॉक्सी चालू करा. शॉटकट तुमच्या व्हिडिओची एक हलकी प्रत बनवतं, तुम्ही त्या प्रतीवर कापाकापी करता, आणि शेवटी एक्स्पोर्ट मात्र मूळ व्हिडिओवरून होतो. जुन्या मशीनला ही सोय म्हणजे नवीन मेमरी टाकल्यासारखीच आहे.

आता प्रोजेक्ट फाइलचं. सेव्ह केलं की जी फाइल तयार होते, त्यात तुमचा व्हिडिओ नसतो. त्यात नुसता हिशोब असतो : कुठली फाइल, कुठून कुठपर्यंत, त्यावर काय. एक दादा धुळ्याहून पेनड्राइव्ह घेऊन आले होते, "एवढं एक्स्पोर्ट करून द्या, माझं मशीन हळू चालतं." पेनड्राइव्हवर काही केबीची एकच फाइल. व्हिडिओ सगळे घरी, आणि जागा करायला म्हणून त्यातले निम्मे डिलीटही केलेले. दुकानाच्या रोजमेळात खर्चाची नोंद असते, म्हणून किराणा त्या वहीत नसतो, तसंच हे. एका कामाचं सगळं सामान, म्हणजे व्हिडिओ, गाणी, फोटो आणि प्रोजेक्ट, एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि हलवायचं तर पूर्ण फोल्डर हलवा.

आवाज ओठांच्या मागे का राहतो

यात सॉफ्टवेअरचा दोष नसतो, मोबाईलची सवय असते. कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं ठरलेल्या तालात घेतो असं आपण धरतो. मोबाईल तसं करत नाही. मांडवात उजेड कमी झाला की तो चित्रांची संख्या कमी करतो, उजेड आला की वाढवतो. आवाज मात्र सरळ चालतो. मग एडिटिंगमध्ये सुरुवातीला जुळलेलं दहाव्या मिनिटाला सुटतं. अशी फाइल उघडली की शॉटकट स्वतःच विचारतं, की हिला एडिटिंगला सोप्या रूपात बदलू का. बरेच जण ती खिडकी वाचायच्या आधीच बंद करतात. करू नका. हो म्हणा आणि त्यातला पहिला पर्याय घ्या. थोडी जागा खातं, पण ताल जुळतो. दुसरं सॉफ्टवेअर वापरत असाल तर हँडब्रेक नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमधून "कॉन्स्टंट फ्रेमरेट" निवडून व्हिडिओ आधी काढून घ्या.

आयफोनवाल्यांनी शूटिंगच्या आधीच कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये, फॉरमॅटखाली "मोस्ट कंपॅटिबल" निवडावं. नाहीतर व्हिडिओ एचईव्हीसी या दाट दाबलेल्या रूपात येतो. फाइल लहान असते, पण ती उलगडताना जुन्या प्रोसेसरचा घाम निघतो.

मराठी अक्षरं

लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून मजकूर आणून व्हिडिओत चिकटवला की कित्येकदा नुसता कचरा दिसतो. कारण छपाईवाले अजून जुन्या पद्धतीचे फॉन्ट वापरतात आणि एडिटिंग सॉफ्टवेअरला युनिकोड, म्हणजे मोबाईलवर टाइप होतात तशी सगळीकडे चालणारी अक्षरं, लागतात. मजकूर मोबाईलवर नव्याने टाइप करा, व्हॉट्सअॅपवर स्वतःला पाठवा, तिथून उचला. फॉन्ट म्हणून मुक्त (Mukta) किंवा बलू (Baloo) घ्या, दोन्ही गुगल फॉन्ट्सवर मोफत आहेत. काही सॉफ्टवेअर जोडाक्षरं फोडतात, पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे टाकतात. म्हणून पहिल्या मिनिटाच्या चाचणीत "श्री. दर्शन व सौ. कृत्तिका" असं काहीतरी लिहून रफार, ऋकार आणि वेलांटी जागेवर आहेत का ते बघा. बिघडत असेल तर नाव वेगळ्या चित्रात लिहून ते चित्र व्हिडिओवर ठेवा.

मोबाईलवर

ज्यांच्याकडे मशीनच नाही त्यांनी कमीपणा मानू नये. अहिराणी गाण्यांचे किती तरी छोटे व्हिडिओ नुसत्या मोबाईलवर बनतात. गुगलचं यूट्यूब क्रिएट हे अॅप २०२३ मध्ये सुरुवातीच्या मोजक्या देशांत भारतातही आलं, मोफत आहे. इन्स्टाग्रामवाल्यांचं एडिट्स आहे. व्हीएनही चांगलं आहे. कॅपकट भारतात बंदीत आहे. ते भलत्या जागेवरून उतरवून टाकून मागू नका.

रील करायचं असेल तर उभं शूटिंग, यूट्यूबला आडवं, आणि हे शूटिंगच्या आधी ठरवा. गाणं कुणाचं आहे तेही बघा. दुसऱ्याच्या गाण्यावर यूट्यूब हक्काची नोटीस लावतं, मग कमाई त्याला जाते. यूट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीत मोफत संगीत आहे.

उन्हाळा

भुसावळ-जळगावच्या मे महिन्याबद्दल आम्ही काय सांगावं. एक्स्पोर्ट करताना प्रोसेसर पूर्ण ताकदीने चालतो, तापला की स्वतःचा वेग कमी करतो, आणि जे काम पहाटे अर्ध्या तासात होतं त्याला भर दुपारी तासभर लागतो. लॅपटॉप गोधडीवर ठेवून एक्स्पोर्ट लावू नका, खालची हवेची जाळी बंद होते. जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांच्या पंख्यात आम्हाला कापसाच्या तंतूंची अक्षरशः गादी सापडते. वर्षातून एकदा पंखा साफ करून घ्या. लाइट जाण्याची वेळ ठरलेली असेल तर त्याच्या तोंडावर एक्स्पोर्ट सुरू करू नका.

एक्स्पोर्ट करताना एमपीफोर, १०८० पिक्सेल आणि ८ एमबीपीएस बिटरेट घेतला तर मिनिटाला साधारण ६० एमबी होतात. पाच मिनिटांचा व्हिडिओ ३०० एमबी. तो व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. २ जीबीपर्यंतची फाइल जाते आणि चित्र धुरकट होत नाही.

दुकानात येताना

लॅपटॉपबरोबर चार्जर आणा, तो विसरून येणाऱ्यांची संख्या मोठी आहे. मोबाईल आणि त्याची केबल आणा, कारण आम्ही तुमच्याच व्हिडिओवर चाचणी करून दाखवतो, आमच्या नमुन्यावर नाही. मशीनचा पासवर्ड माहीत असलेला माणूस बरोबर असू द्या. शॉटकट टाकणं आणि पहिला एक मिनिट एक्स्पोर्ट करून दाखवणं याचे पैसे आमच्याकडून घेतलेल्या मशीनला नाहीत. बाहेरच्या मशीनला किती, ते काउंटरवर लिहिलेलं आहे. बाजाराच्या दिवशी सोडून कधीही या, त्या दिवशी शांतपणे बसवून शिकवणं आम्हाला जमत नाही.