वळवणे की उचलणे? हैती-डोमिनिकन नदीवादाची पार्श्वभूमी

कॅरिबियन समुद्रातल्या एकाच बेटावर हैती आणि डोमिनिकन प्रजासत्ताक हे दोन शेजारी देश. सप्टेंबर २०२३ मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताकाने हैतीशी असलेली हद्द बंद केली. रस्ता, समुद्र आणि विमाने, सगळेच थांबले. निमित्त एका कालव्याचे. हैतीच्या ईशान्य कोपऱ्यातल्या मारिबारू मैदानात शेतकरी वर्गणी आणि श्रमदानातून तो खोदत होते. पाणी घ्यायचे होते हद्दीवरच्या नदीचे. डोमिनिकन लोक तिला दाहाबोन म्हणतात, हैतीत ती मसाक्र, म्हणजे हत्याकांड. मसाक्र हे नाव १९३७ च्या हत्याकांडावरून पडले असे सर्रास सांगतात, ते चूक आहे. तेव्हा डोमिनिकन सैन्याने हद्दीलगत हजारो हैतीवासीयांना मारले हे खरे, पण नाव त्याच्या दोनशे वर्षे आधीचे, अठराव्या शतकात स्पॅनिशांनी मारलेल्या फ्रेंच चाच्यांवरून आलेले.

नदी हीच हद्द, हे ठरले १७७७ मध्ये, स्पेन आणि फ्रान्सच्या तहात; तेव्हा बेटाचे दोन भाग त्यांच्या वसाहती होते. उत्तरेला ही नदी, दक्षिणेला पेदेर्नालेस, मधे डोंगर. पुढे १८२२ ते १८४४ सगळे बेट हैतीच्या ताब्यात होते, म्हणजे हद्दच उरली नव्हती. आजची रेषा १९२९ च्या करारातली, १९३६ मध्ये दुरुस्त केलेली.

भूगोलाचे दान सारखे पडलेले नाही. ईशान्येचे वारे पाऊस आणतात, तो आधी डोमिनिकन बाजूच्या डोंगरांवर पडतो. आर्तिबोनीत ही बेटावरची सर्वांत लांब नदी उगम पावते डोमिनिकन हद्दीत आणि समुद्राला मिळते हैतीत. मसाक्रचा उगमही पलीकडच्याच डोंगरात. त्यामुळे वरचा कोण आणि खालचा कोण, हा प्रश्न इथे कायमचा.

खरा गुंता १९२९ च्याच आणखी एका कराराच्या दहाव्या कलमात आहे. सामायिक नद्यांचा नैसर्गिक प्रवाह बदलेल किंवा उगमाच्या पाण्यात फरक पडेल असे काम कोणी करू नये, असे ते आधी सांगते. लगेच पुढे म्हणते की आपापल्या हद्दीत शेती आणि उद्योगासाठी न्याय्य वाटणीने पाणी वापरण्याचा हक्क यामुळे जात नाही. मग कालवा कशात मोडतो? डोमिनिकन म्हणणे असे की हे प्रवाह वळवणे आहे आणि खालच्या अंगाच्या आपल्या शेतकऱ्यांना व पाणथळीला फटका बसेल. हैतीचे म्हणणे, आम्ही नदी वळवत नाही, तिच्यातून पाणी उचलतो. पात्र जागेवर राहते, काठावरच्या तोंडातून पाणी बाजूला निघते, एवढेच. वरच्या अंगाला डोमिनिकन बाजूनेही पाणी असेच उचलले जाते, मग आम्हीच का नाही?

मे २०२१ मध्ये दोन्ही सरकारांच्या संयुक्त निवेदनात हे काम म्हणजे प्रवाह वळवणे नव्हे, असे लिहिले गेले होते. त्याच वर्षी पुढे हैतीचे राष्ट्राध्यक्ष मारले गेले, काम रखडले. गावकऱ्यांनी ते पुन्हा हाती घेतले तेव्हा पलीकडचा सूर पालटला होता. निवेदनातला तो शब्द मात्र कागदावर तसाच आहे, आणि डोमिनिकन बाजूची खरी अडचण तिथेच होते.

हद्द बंद झाल्याचा पहिला फटका बसला दाहाबोन याच नावाच्या डोमिनिकन गावच्या बाजाराला. सोमवारी आणि शुक्रवारी हैतीचे व्यापारी पूल ओलांडून येतात आणि हातगाड्यांवर माल लादून परततात. ते बंद झाले. ऑक्टोबरात डोमिनिकन फाटक व्यापारापुरते उघडले, तर हैतीच्या बाजूचे बंदच राहिले. याच काळात डोमिनिकन सरकारने वरच्या अंगाचा ला व्हिहिया हा जुना कालवा पुन्हा चालू केला, म्हणजे हैतीच्या कालव्यापर्यंत पोचण्याआधीच पाणी घेता यावे. त्याच्या लेखी हा मात्र न्याय्य वापर.