अमेरिकेतील शेती अनुदान : काउंटीचा कारभार

अमेरिकेत शेतकऱ्याला सरकारकडून थेट मिळणाऱ्या पैशाचा कायदा वॉशिंग्टनमध्ये होतो, पण अंमल काउंटीच्या कचेरीत होतो. काउंटी हा राज्याखालचा प्रशासकीय भाग. आपल्या जिल्ह्याशी त्याची ढोबळ तुलना करता येते. ग्रामीण काउंटीतला शेतकरी ‘फार्म सर्व्हिस एजन्सी’ या कृषी खात्याच्या शाखेच्या कचेरीत दरवर्षी पेरा नोंदवतो आणि योजना निवडतो. कचेरीवरची समिती मुख्यतः शेतकऱ्यांच्या मतांनी निवडून येते.

या पद्धतीची सुरुवात १९३३ सालची. मंदीत भाव कोसळले, तेव्हा रुझवेल्ट सरकारने पेरा घटवणाऱ्याला मोबदला देणारा कायदा केला. त्या उन्हाळ्यात सुमारे एक कोटी एकर उभ्या कपाशीत नांगर घातला गेला. दक्षिणेत पैसा बराचसा जमीनमालकांकडेच राहिला, आणि पेरा घटल्यावर बटाईने कसणाऱ्या कित्येक कुटुंबांची जमीन सुटली. १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याची मुख्य तरतूद घटनाबाह्य ठरवली, तरी कल्पना टिकून राहिली.

आजचा हिशेब ‘बेस एकर’वर चालतो. पूर्वी त्या जमिनीत काय पिकत होते, त्यावरून ठरलेले हे कागदावरचे क्षेत्र. समजा, मक्याचे १०० बेस एकर आहेत आणि नोंदलेला उतारा एकरी १५० बुशेल (धान्याचे अमेरिकी माप) आहे. एका योजनेत बाजारभाव कायद्याने ठरवलेल्या ‘संदर्भ भावा’खाली गेला, तर फरक मिळतो. २०१४ च्या कायद्यात मक्याचा हा भाव बुशेलला ३.७० डॉलर होता. बाजारभाव ३.३६ वर आला तर फरक ३४ सेंट, आणि ८५ टक्के क्षेत्रावर रक्कम होते ४,३३५ डॉलर. शेतात त्या वर्षी सोयाबीन उभे असले तरी ती मिळते! दुसऱ्या योजनेत काउंटीचे सरासरी उत्पन्न पाहतात. त्यामुळे एखाद्याचे पीक गारपिटीने गेले, पण काउंटी चांगली पिकली, तर त्याला त्या योजनेतून काहीच मिळत नाही. माझ्या मते या रचनेतला हा सर्वांत दुखरा भाग आहे.

२०१९ मध्ये चीनशी व्यापारयुद्ध पेटले असताना मदतीचा दरच काउंटीनुसार ठरवला गेला : एकरी १५ ते १५० डॉलर. रस्त्याच्या दोन बाजूंना एकच पीक घेणाऱ्या शेजाऱ्यांना, मध्ये काउंटीची हद्द असली, तर वेगळे पैसे मिळू शकत होते.

रोख खंडाने जमीन कसणाऱ्याला अनुदान मिळते खरे, पण मालक खंड वाढवून त्यातला वाटा काढून घेतो. प्रत्येक व्यक्तीमागे वर्षाच्या अनुदानाची मर्यादा १,२५,००० डॉलर होती, २०२५ च्या कायद्याने ती १,५५,००० केली. कौटुंबिक भागीदारीत माणसे वाढली की मर्यादाही वाढते. २०१८ पासून चुलत-मावस भावंडे आणि भाचे-पुतणेही कुटुंबात धरले जातात.

शेतकऱ्यांनीच निवडलेली समिती न्यायी असेलच, असे नाही. काउंटी कचेऱ्यांनी कर्ज आणि मदत देताना भेदभाव केला, असा दावा कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी लावला. १९९९ मध्ये त्यात तडजोड झाली, आणि २०१० मध्ये आणखी १२५ कोटी डॉलरची.

या पैशाची झळ आपल्यापर्यंत पोचते ती कापसातून. अनुदानावर पिकलेला अमेरिकी कापूस जागतिक भाव पाडतो, ही तक्रार ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत नेली आणि जिंकली. भारत त्या तंट्यात त्रयस्थ पक्ष होता. २०१४ मध्ये अमेरिकेने ३० कोटी डॉलर देऊन वाद मिटवला. ते गेले ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी. विदर्भातला कापूसही त्याच भावाच्या सावलीत विकला जात होता, पण त्याच्या वाट्याला त्यातले काही आले नाही.