रक्त वाहतंय का, हे ग्राफ्टच सांगेल

मूत्रपिंडं निकामी झालेल्या ज्या रुग्णांच्या शिरा डायलिसिससाठी फिस्टुला, म्हणजे धमनी आणि शीर यांचा थेट जोड, करण्याजोग्या नसतात, त्यांच्या हातात धमनी आणि शीर जोडणारी कृत्रिम नळी बसवतात. हा ग्राफ्ट. तो बहुधा टेफ्लॉनच्या कुळातल्या ईपीटीएफई या पदार्थाचा असतो. त्यावर बोटं ठेवली की थरथर जाणवते. ती रोज तपासा, असं डायलिसिसच्या रुग्णाला बजावलेलं असतं. थरथर थांबली, तर आत बहुतेक गुठळी झालेली असते.

पण तोवर उशीर झालेला असतो. ग्राफ्ट शिरेला जिथे जोडलेला असतो, तिथे धमनीतून येणारं वेगवान, घुसळलेलं रक्त शिरेच्या पातळ भिंतीवर सतत आदळतं आणि भिंत आतून जाड होत जाते. दुखत नाही, सूज नाही. वाट मात्र अरुंद होते. हे वेळीच कळलं तर फुगा घालून ती रुंद करता येते. ग्राफ्टमधला प्रवाह मिनिटाला ६०० मिलीलीटरच्या खाली गेला की सावध व्हायचं, असा संकेत आहे. मोजणी मात्र महिन्यातून एखादी. त्यात नेमक्या त्याच वेळी रुग्णाचा रक्तदाब उतरलेला असेल, तर आकडाही उतरतो. एवढ्यावर निर्णय कसा घ्यायचा?

म्हणून मोजणारं यंत्रच शरीरात ठेवावं, हा विचार. प्लास्टिक सर्जरीत एका जागची ऊती दुसरीकडे लावतात, तेव्हा तिच्या शिरेभोवती सिलिकॉनच्या पट्टीत बसवलेला छोटा डॉप्लर स्फटिक गुंडाळतात. वाहत्या रक्तपेशींवरून परतलेल्या ध्वनिलहरींची कंप्रता बदलते, त्यावरून प्रवाह चालू आहे हे कळतं. त्याची तार त्वचेबाहेर येते आणि काही दिवसांनी ओढून काढतात. ग्राफ्ट तर वर्षानुवर्षं राहायचा. तेवढा काळ बाहेर आलेली तार म्हणजे जंतूंना उघडं दार.

तारेविना, बॅटरीविना चालणारं उपकरण शक्य आहे. हृदय निकामी होत चाललेल्यांच्या फुप्फुसधमनीत बसवायच्या कार्डिओमेम्स सेन्सरला अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली. दाबानुसार त्यातल्या विद्युत मंडलाची कंप्रता बदलते आणि बाहेरचा अँटेना ती वाचतो. पण तो दाब मोजतो, प्रवाह नव्हे. ग्राफ्टच्या शिरेकडच्या टोकाला अडथळा आला की अलीकडचा दाब उलट वाढतो! २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या झेनान बाओ यांच्या गटाने धमनीभोवती गुंडाळायचा, कालांतराने विरघळणारा बिनतारी सेन्सर उंदरांवर वापरून दाखवला. तो धमनीचं फुगणं टिपतो. ईपीटीएफईची ताठर नळी मात्र तेवढी फुगत नाही.

मला ग्राफ्टच्या बाहेरून बसणारा, ध्वनिलहरींवर चालणारा सेन्सर जास्त आशादायक वाटतो. रक्तात बुडालेली परकी वस्तू स्वतःच गुठळीला निमित्त ठरू शकते. शिवाय आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसच्या सुया जिथे टोचतात, ती जागाही टाळायला हवी. अशा सेन्सरची जागा शिरेकडच्या जोडाजवळ, कारण अरुंदपणाची सुरुवात बहुतेकदा तिथेच होते.